बेअरिंगला हातोडा नको

जळगावकडची रावेर-यावलची असो की धुळ्याकडची शिरपूरची, केळी पाणी मागते. तापीतून उपसा करणाऱ्या कपलिंगच्या पंपात फिरता शाफ्ट बेअरिंगांवर तोललेला असतो. ऐन मे महिन्यात बेअरिंग घरघरू लागली की घाई होते, आणि हातोडा निघतो.

बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसते ती आतल्या कडीने. बाहेरच्या कडीवर ठोकले, तर घाव छर्‍यांतून जातो, कड्यांवर बारीक खड्डे पडतात आणि नवी बेअरिंगही लवकर बोलू लागते. म्हणून आधी वीज तोडावी, जुनी बेअरिंग पुलरने ओढावी, शाफ्ट पुसावा. नवी उघडी बेअरिंग स्वच्छ तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवावी. ती किंचित फुगते आणि हातमोजे घालून सहज सरकवता येते. थेट ज्योत लावू नये. ग्रीसही ठासून भरू नये. जादा ग्रीसने बेअरिंग तापते.

जुनी मात्र लगेच भंगारात टाकू नका. तिच्यावर गंज असेल, तर आत पाणी शिरते आहे. बेअरिंग वारंवार जात असेल, तर पंप आणि मोटर एका रेषेत आहेत का, ते पाहा. मूळ दुखणे राहिले, तर नवीही त्याच वाटेने जाते, आणि बाग उन्हात तहानलेली राहते.