जड ऑफ-रोड वाहनांच्या सस्पेन्शन व टायरमधील सुधारणा : मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

चारही चाकांना शक्ती देणारी जड वाहने बाळगणाऱ्यांचा वर्ग मुंबई महानगर प्रदेशात वाढत आहे. अशा वाहनांची उंची वाढविणे व त्यांस मोठे टायर बसविणे म्हणजेच सुधारणा, असा समज सर्वत्र रूढ झालेला आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची भौतिकशास्त्र, कायदा आणि पर्यावरण या तीन अंगांनी तपासणी केली आहे. सस्पेन्शन, टायर, ब्रेक व गुरुत्वमध्य ही एकमेकांत गुंतलेली साखळी असून त्यातील एक कडी बदलली की उरलेल्या सर्व कड्यांवर परिणाम होतो, हे साध्या गणिताच्या आधारे दाखविले आहे.

बीजशब्द : सस्पेन्शन, स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर, गुरुत्वमध्य, मोटार वाहन अधिनियम.

१. प्रास्ताविक

मीरा-भाईंदर नगरपरिषदेची स्थापना १९८५ साली झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. दक्षिणेस दहिसर, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आणि पश्चिमेस उत्तनचा किनारा अशा चतुःसीमेत हे शहर वसले आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग शहराच्या पूर्व भागातून जातो व ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता त्यास येऊन मिळतो. त्यामुळे येथील वाहनधारकास पालघर, शहापूर वा माळशेज घाटाकडील कच्चे मार्ग सुट्टीच्या एका दिवसात गाठता येतात. मात्र आठवड्याचे उरलेले दिवस तेच वाहन काँक्रीटच्या रस्त्यांवर, गतिरोधकांवर आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून धावत असते. या दुहेरी वापराचा विचार न करता केलेली सुधारणा बहुधा दोन्ही ठिकाणी अपुरी ठरते.

अशा वाहनांची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या व पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. आज त्याच परंपरेतील थार हे वाहन नाशिक येथे तयार होते, तर गुरखा हे वाहन पुण्यात मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सचे आहे. या वाहनांची सस्पेन्शन-रचना एकसारखी नाही. २०१० सालच्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार व मागे पाटे होते. २०२० सालच्या दुसऱ्या पिढीत पुढे व मागे कॉइल स्प्रिंग आले. गुरखामध्ये कॉइल स्प्रिंग आहेत. म्हणून एका वाहनास उपकारक ठरलेला बदल दुसऱ्यासही लाभेलच, असे मानणे योग्य नव्हे.

२. स्प्रिंगचे कार्य आणि भाराचा प्रश्न

सस्पेन्शनची कामे दोन आहेत. वाहनातील माणसांपर्यंत पोहोचणारे धक्के कमी करणे हे पहिले आणि प्रत्येक चाक सतत जमिनीला टेकलेले ठेवणे हे दुसरे. ऑफ-रोड वाहनात दुसरे काम अधिक महत्त्वाचे असते, कारण अधांतरी राहिलेले चाक वाहनास ओढूही शकत नाही व थांबवूही शकत नाही.

स्प्रिंगवर तोललेल्या वस्तुमानाची नैसर्गिक कंपनसंख्या स्प्रिंगच्या ताठरतेस वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाशी समप्रमाणात असते. समजा, एका चाकावर ४५० किलोग्रॅम भार असून स्प्रिंगची ताठरता दर मिलिमीटरला ३० न्यूटन आहे. यावरून कंपनसंख्या सेकंदास सुमारे १.३ येते व ती प्रवाशास सुखावह असते. ताठरता ४५ न्यूटन केल्यास हीच संख्या सुमारे १.६ होते. म्हणजे रिकामे वाहन काँक्रीटच्या रस्त्यावर अधिक आदळू लागते व खडबडीत जागी चाक जमिनीचा पाठपुरावा कमी करते.

मग ताठ स्प्रिंग कोणास आवश्यक? ज्याच्या वाहनावर कायमचा भार वाढला आहे त्यास. पुढील बाजूस लोखंडी बंपर व विंच मिळून १०० किलोग्रॅम वजन वाढले व ते दोन्ही पुढील चाकांवर सारखे विभागले गेले, असे धरू. तेव्हा वरील स्प्रिंग सुमारे १६ मिलिमीटर अधिक दबते. तेवढीच दबण्याची शिल्लक जागा कमी होते आणि मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटते. याउलट, भार न वाढविता ताठ स्प्रिंग बसविणे म्हणजे नसलेल्या ओझ्याची तयारी करणे होय. यास्तव पहिली पायरी गॅरेज ही नसून वजनकाटा ही आहे. नेहमीच्या सामानासह व माणसांसह पुढील व मागील अ‍ॅक्सलवरील भार वेगवेगळा मोजल्याशिवाय स्प्रिंगची निवड करणे हा निव्वळ अंदाज ठरतो.

उंची वाढविण्याच्या प्रचलित स्वस्त पद्धतींतील दोष येथेच लक्षात येतो. टॉर्शन बारचे बोल्ट कसले की वाहनाचे पुढील अंग वर येते, परंतु बारची ताठरता बदलत नाही. चाकाची खाली लोंबण्याची मर्यादा मात्र तेवढीच घटते व खळग्यात चाक लवकर अधांतरी होते. पाट्यांच्या वाहनात लांब शॅकल लावल्यास शॅकलच्या वाढीव लांबीच्या जवळपास निम्मी उंची मिळते. त्यासोबत अ‍ॅक्सलचा कोन बदलून प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो. जादा पाटा घातल्यास उंची व ताठरता दोन्ही वाढतात. दिसण्यात तिन्ही उपाय सारखे असले तरी परिणाम निरनिराळे आहेत.

३. शॉक अ‍ॅब्सॉर्बर : दुर्लक्षित घटक

स्प्रिंग ऊर्जा साठविते; शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिचे उष्णतेत रूपांतर करून कंपने शमवितो. स्प्रिंगची ताठरता ५० टक्क्यांनी वाढविली तर पूर्वीइतकेच शमन राखण्यासाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बरची रोधशक्तीही सुमारे २२ टक्क्यांनी वाढवावी लागते. जुनेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवून नवी ताठ स्प्रिंग बसविल्यास वाहन प्रत्येक उंचवट्यानंतर झुलत राहते. कच्च्या मार्गावर दीर्घकाळ चालविल्यास आतील तेल तापते, त्यात फेस होतो आणि शमनशक्ती घटते. वायूच्या दाबाखाली तेल ठेवणाऱ्या एकनळी रचनेत हा दोष कमी असतो. अनेक जुन्या वाहनांच्या बाबतीत गळके शॉक अ‍ॅब्सॉर्बर व झिजलेले रबरी बुश बदलणे हीच सर्वांत परिणामकारक व कमी खर्चाची सुधारणा ठरते.

४. टायर : माप, नक्षी आणि हवा

दुसऱ्या पिढीच्या थारला आवृत्तीनुसार २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ ही दोन मापे कंपनीने दिली होती. पहिल्या मापाचा बाह्य व्यास गणिताने सुमारे ७७४ मिलिमीटर व दुसऱ्याचा सुमारे ७८९ मिलिमीटर येतो. म्हणजे रिमच्या मापात दोन इंचांचा फरक असूनही निर्मात्याने बाह्य व्यासातील फरक २ टक्क्यांच्या आत ठेवला. यामागील कारण समजून घेण्यासाठी पहिल्या मापाऐवजी २८५/७० आर १७ हा टायर बसविला, असे मानू. त्याचा व्यास सुमारे ८३१ मिलिमीटर, म्हणजे ७ टक्क्यांहून अधिक मोठा आहे. जमिनीपासूनची उंची व्यासाच्या वाढीच्या निम्मीच, म्हणजे २८ मिलिमीटर मिळते. त्या बदल्यात चाकाची ओढशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि तेवढ्याच ब्रेकशक्तीने मिळणारा रोधही त्याच प्रमाणात घटतो. वेगदर्शकावर ताशी ८० किलोमीटर दिसत असताना खरा वेग सुमारे ८६ किलोमीटर असतो. वजनदार चाकामुळे स्प्रिंगखालील वस्तुमान वाढून शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरील कामही वाढते.

टायरच्या बाजूवरील भारांक पाहणेही तितकेच आवश्यक आहे. ११० या भारांकाचा अर्थ त्या टायरची कमाल भारक्षमता १,०६० किलोग्रॅम आहे, असा होतो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कितीही रुंद व आकर्षक असला तरी तो त्याज्य होय.

नक्षीच्या बाबतीत दोन मुख्य प्रकार आढळतात. चिखलासाठीच्या टायरचे ठोकळे मोठे व त्यांमधील खाचा रुंद असतात. चिखल झटकून टाकण्यास त्या उपयोगी पडतात, परंतु ओल्या काँक्रीटवर रबराचा प्रत्यक्ष स्पर्श कमी झाल्याने पकड कमी मिळते व आवाज वाढतो. सर्व प्रकारच्या भूपृष्ठांसाठीचा टायर ही मधली वाट आहे. पावसाळ्याचे चार महिने ओल्या रस्त्यांवर काढणाऱ्या मीरा-भाईंदरच्या वाहनधारकास बहुधा हाच प्रकार अनुरूप ठरतो.

टायरइतकाच त्यातील हवेचा दाब महत्त्वाचा असतो. टायरच्या बाजूंची ताठरता दुर्लक्षित केल्यास जमिनीशी होणारा स्पर्श हा भारास दाबाने भागून मिळतो. चाकावर ५०० किलोग्रॅम भार असता ३२ पीएसआय दाबाला हे क्षेत्र सुमारे २२२ चौरस सेंटिमीटर, तर १८ पीएसआयला सुमारे ३९५ चौरस सेंटिमीटर येते. एकही सुटा भाग विकत न घेता मऊ जमिनीवरील पकड याप्रमाणे सुधारता येते. मात्र कमी दाबात वेग अगदी मंद ठेवावा लागतो, तीव्र वळणे टाळावी लागतात आणि पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा हवा भरावी लागते. अन्यथा टायर रिमवरून निसटण्याचा वा तापून फुटण्याचा धोका असतो.

५. उंची आणि उलटण्याचा धोका

वाहनाच्या स्थिरतेचा एक साधा निर्देशांक म्हणजे दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून येणारी संख्या. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून वाहनांच्या उलटण्यासंबंधीच्या श्रेणीकरणात याचा उपयोग केला. रुंदी १,५२० मिलिमीटर व गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर मानल्यास ही संख्या १.०९ येते. उंच स्प्रिंग व मोठे टायर मिळून गुरुत्वमध्य ७० मिलिमीटरने वर गेला तर ती ०.९९ होते. स्थिर अवस्थेत आडवे उलटण्याचा सैद्धांतिक कोन सुमारे ४७ अंशांवरून ४५ अंशांच्या खाली येतो. प्रत्यक्षात एका बाजूची स्प्रिंग व टायर दबत असल्याने आणि वाहन गतिमान असल्याने खरी मर्यादा याहून बरीच कमी असते. छतावर सामान बांधल्यास ती आणखी घटते. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटाच्या उतारावर अकस्मात वळण घ्यावे लागले, तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

याखेरीज पुढील चाकांचे कोन बदलून स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती क्षीण होते, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडून ताणल्या जातात आणि दिव्यांचा झोत समोरील चालकाच्या डोळ्यांवर येतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या वाहनात अ‍ॅक्सल शाफ्टचे जॉइंट अधिक कोनात फिरून लवकर झिजतात.

६. कायदा आणि पर्यावरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार अननुज्ञात बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघातानंतर दावा नाकारला जाण्यास कारण ठरू शकतो.

सुधारलेले वाहन कोठे न्यावयाचे, हाही प्रश्न या शहरात गंभीर आहे. खाडीकाठची कांदळवने, चिखलपट्टे आणि वाळूच्या टेकड्या यांचा २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत सर्वाधिक संवेदनशील वर्गात समावेश आहे. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. पूर्वेकडील टेकड्या राष्ट्रीय उद्यानाच्या आहेत व तेथील प्रवेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने नियंत्रित केला आहे. सारांश, शहरालगत दिसणारी मोकळी जमीन ही ऑफ-रोड वाहनांसाठी मोकळी नाही. पूर्वपरवानगीने ठरविलेल्या खासगी जागा हाच उचित पर्याय होय.

७. निष्कर्ष

१) सुधारणेचा आरंभ प्रत्यक्ष भार मोजण्यापासून व झिजलेले भाग बदलण्यापासून व्हावा.
२) त्यानंतर निर्मात्याने प्रमाणित केलेल्या मापाचा, योग्य भारांकाचा व अनुरूप नक्षीचा टायर निवडावा आणि हवेच्या दाबाची शिस्त पाळावी.
३) स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचा विचार नेहमी एकत्र करावा.
४) उंची वाढविणे हे साध्य नसून त्याची किंमत स्थिरता, ब्रेक व कायदा या तिन्ही आघाड्यांवर मोजावी लागते.

या विषयाचे शैक्षणिक मूल्यही दुर्लक्षिता येत नाही. २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएई इंडिया या स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः ऑफ-रोड वाहनाची रचना करतात. वर मांडलेली गणिते कनिष्ठ महाविद्यालयीन भौतिकशास्त्राच्या पलीकडची नाहीत. वर्गात शिकलेली सरल आवर्त गती व गुरुत्वमध्य या संकल्पना स्वतःच्या वा कुटुंबाच्या वाहनास लावून पाहण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर गॅरेजच्या दारात उभे असताना नेमका कोणता प्रश्न विचारावयाचा, हे त्यास कळेल. अपघात टाळण्याच्या दृष्टीने ही जाण मोठ्या टायरपेक्षा अधिक उपयुक्त ठरेल.