घरात आलेला पैसा कुणाच्या ताटात पोहोचतो?

वस्तीत पाहणी करणारे येतात आणि विचारतात, घरात माणसे किती, महिन्याचा खर्च किती? त्या खर्चाला माणसांच्या संख्येने भागले की प्रत्येकाच्या वाट्याला किती आले, ते कागदावर दिसते. पण आपल्या घरात ताटे अशी भागाकाराने वाढली जातात का?

अर्थशास्त्रज्ञही बराच काळ कुटुंब म्हणजे जणू एकच माणूस, असे धरून हिशेब मांडत. मग पैसा आईच्या हाती पडो की बापाच्या, खर्च सारखाच व्हायला हवा. हे खरे आहे का, ते त्यांनी पुढे तपासून पाहिले.

ब्रिटनमध्ये मुलांसाठीची करसवलत बहुधा वडिलांच्या पगारातून मिळत असे. १९७७ ते १९७९ या काळात ती बंद होऊन तिच्या जागी मुलांचा भत्ता थेट आईच्या हातात देणे सुरू झाले. पुढे अभ्यासकांना आढळले की, पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपत आली, तेव्हा कृष्णवर्णीय वृद्धांची पेन्शन बरीच वाढली. एस्थर डुफ्लो यांनी १९९३ च्या पाहणीतील लहान मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी तपासल्या. आजीला पेन्शन मिळत होती, त्या घरांतल्या नातींचे वजन उंचीच्या मानाने सुधारले होते. आजोबांच्या पेन्शनने तसा फरक दिसला नाही. याच डुफ्लो यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल पुरस्कार मिळाला.

यावरून पुरुष वाईट असे ठरत नाही. ज्याच्या हातात पैसा, त्याच्या शब्दाला घरात वजन, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्याकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पुरुषांत हेच प्रमाण २५ टक्के होते. पाळी आणि बाळंतपण ही त्याची कारणे आहेतच. पण सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खायचे आणि स्वतःचे दुखणे अंगावर काढायचे, या सवयीने ते आणखी वाढते.

महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये पात्र स्त्रियांच्या खात्यात येऊ लागले. खाते तिच्या नावाचे, पण पैसे काढतो कोण आणि कशावर खर्च करायचे ते ठरवतो कोण? हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

आमचे सांगणे थोडके आहे. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र बसून घ्यावे. भाजी, डाळ, अंडी, मटण सुनेच्या आणि लेकीच्या ताटातही तेवढेच पडावे. जवळच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते बाईचे १२ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळी चहासोबत घेऊ नये. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. आणि महिन्याचा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून करावा, त्यात तिच्या औषधपाण्याचे पैसे आधी बाजूला काढावेत.