फोन बदलायचा की कान तपासायचे?

गेल्या डिसेंबरात मँचेस्टरहून सांगलीला जायच्या आधी बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका स्वस्त फोनची जाहिरात पाठवली. १०८ मेगापिक्सेल कॅमेरा, १२ जीबी रॅम, २४-बिट हाय-रेझ ऑडिओ. खाली प्रश्न: "आत्ताच्या फोनवर तुमचं बोलणं कळत नाही. हा घेऊ का गं?"

माझं रोजचं काम मोजमापाचं, म्हणून मी एकेक आकडा घेऊन बसले.

कॅमेरा आधी. १०८ मेगापिक्सेलचे बहुतेक सेन्सर नेहमीच्या फोटोसाठी शेजारचे नऊ पिक्सेल एकत्र करतात. हातात येतो १२ मेगापिक्सेलचा फोटो. रॅमच्या खाली बारीक अक्षरात '८ + ४' लिहिलं होतं. त्यातले ४ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले, आणि स्टोरेज हे खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतं. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे मात्र जाहिरातीत कुठेच नव्हतं. स्वस्त फोन घेताना मी पहिल्यांदा तेच बघते.

आता आवाज. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यातून २२,०५० हर्ट्झपर्यंतचे स्वर पकडता येतात. तरुण, निरोगी कानाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, आणि वयाबरोबर ती खाली येते. १६ बिटांमुळे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९६ चढवले तर कान दुखायची पातळी ओलांडली जाते. गाणी रेकॉर्ड करताना २४ बिटांचा उपयोग होतो. घरी ऐकताना ते जास्तीचे बिट कुठे वापरणार?

यावर प्रयोगही झालेत. मेयर आणि मोरन यांच्या २००७ सालच्या चाचणीत लोकांना हाय-रेझ आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जावर आणून, असं दोन्ही ऐकवलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक असलाच तर इतका बारीक.

बाबांना आकडे पटले नाहीत. "मला भीमसेनांचा तंबोरा वेगळा ऐकू येतो," म्हणाले. मग घरीच चाचणी केली. एकच रेकॉर्डिंग, एकच हेडफोन. एक फाईल सीडीच्या दर्जाची, दुसरी ३२० केबीपीएसची एमपी३. दोन्हींचा आवाज नेमका सारखा ठेवला, कारण जरा मोठा आवाज आपल्याला नेहमी चांगला वाटतो. कुठली फाईल लावायची ते दादा दुसऱ्या खोलीत नाणं उडवून ठरवायचा. दहापैकी बाबांची सहा उत्तरं बरोबर आली, माझी पाच. नुसत्या नशिबाने आठ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साडेपाच टक्के असते, म्हणून निदान नऊ आल्याशिवाय मी फरक मानला नसता.

हेडफोन हातात होतेच, म्हणून गंमत म्हणून टोन जनरेटरचं अ‍ॅप लावलं. १५,००० हर्ट्झला माझ्या लेकीने हेडफोन काढून टाकले. बाबांसाठी ४,००० लाच आवाज बराच वाढवावा लागला. ८,००० ला ते म्हणाले, "बंद केलंस का?"

मी बंद केलं नव्हतं.

बाबांची मूळ तक्रार तेव्हा कळली. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, ही वयोमानाच्या बहिरेपणाची अगदी ठरलेली खूण. स्वर खालच्या कंपनांत असतात, ते ऐकू येतात. 'स'ची धार बरीचशी ४,००० हर्ट्झच्या वर असते, ती आधी हरवते. 'सात'मधला 'स' गेला की 'आठ' आणि 'सात' यांत फारसं काही उरत नाही. वर्षभर मी सांगायचे, "सात वाजता फोन करते," आणि बाबा आठला फोन शोधायचे. आम्हाला वाटायचं, विसरतात. नातीशी बोलताना ते नुसतं "हं, हं" करायचे, तेही आम्ही फोनच्या माथी मारलं होतं.

घरच्या अ‍ॅपवरून निदान होत नाही. जानेवारीत ऑडिओलॉजिस्टकडे रीतसर ऑडिओग्राम काढला. दोन्ही कानांची रेघ उजवीकडे उतरत गेलेली. श्रवणयंत्र फोनपेक्षा महाग पडलं, पण ते घेतलं. ऐकू न येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक असल्याचं लॅन्सेट आयोगाच्या २०२० च्या अहवालात आहे, तेव्हा हा खर्च नुसत्या सोयीचा नव्हता.

तुमच्या घरून असा प्रश्न आला तर दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी बघा. जाहिरातीतला फरक आवाज सारखा ठेवून, डोळे मिटून ओळखता येतो का? अडचण नेमकी कुठे आहे: फाईलमध्ये, हेडफोनमध्ये, नेटवर्कमध्ये की कानात? आणि समोरासमोर बसूनही शब्द निसटतात का? निसटत असतील तर फोनचे पैसे ठेवून द्या आणि आधी कान तपासा.

बाबांचा जुना फोन अजून चालतोय. रविवारी सातला केला की पहिल्या रिंगला उचलतात.