विक्रांतचे सोंग घेतलेली राजपूत

१९४२ चा ऑगस्ट म्हटला की मुरबाडकडच्या माणसाला 'छोडो भारत' आठवते आणि त्यापाठोपाठ सिद्धगड. भाई कोतवालांच्या 'आझाद दस्ता' या भूमिगत तुकडीने मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडायला सुरुवात केली ती त्याच पावसाळ्याच्या अखेरीस. २ जानेवारी १९४३ ला कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर गोळ्यांना बळी पडले. त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथे, जॉन ब्राऊन कंपनीच्या गोदीतून बाहेर पडलेली 'रॉदरहॅम' नावाची विनाशिका ब्रिटिश नौदलात रुजू झाली. एका बाजूला मुंबईच्या युद्धयंत्रणेची वीज तोडणारी माणसे, दुसऱ्या बाजूला तीच यंत्रणा समुद्रावर चालवायला निघालेले जहाज. पुढे सात वर्षांत हे जहाज आपले झाले, 'राजपूत' झाले. टोकावड्यातून माळशेजकडे जाताना एका अंगाला सह्याद्रीची भिंत असते, समुद्र कुठेच दिसत नाही. तरी या जहाजाची हकीकत इथे बसून लिहावीशी वाटते, कारण त्याच्या चाकरीचा पहिला भाग आपल्याला गुलाम ठेवणाऱ्यांसाठी होता आणि दुसरा आपल्यासाठी.

विनाशिका म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. मोठ्या युद्धनौकांच्या आणि विमानवाहू जहाजांच्या भोवती पहारा ठेवणारी, पाणबुड्या हुडकणारी, वेळ पडली तर पाणतीर सोडून मोठ्या शत्रूला भिडणारी चपळ नौका. रॉदरहॅम सुमारे ३५८ फूट लांब, १,७५० टनांच्या आसपास. ४.७ इंची चार तोफा, आठ पाणतीर-नळ्या आणि ३६ नॉट, म्हणजे ताशी ६६ किलोमीटरपर्यंतचा वेग. या 'आर' वर्गाच्या नौकांत एक सुधारणा होती. पूर्वीच्या विनाशिकांत अधिकाऱ्यांच्या खोल्या पिछाडीला असत. वादळात लाटा डेकवरून वाहत असताना तिथून पुढे ब्रिजवर यायचे म्हणजे जिवावरचे काम. इथे त्या खोल्या पुढे आणल्या. कागदावर लहानशी वाटणारी ही सोय समुद्रावरच्या माणसाला विचारावी.

तिची खरी रणभूमी हिंदी महासागर. ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या ताफ्याचा तळ आधी मोंबासाजवळच्या किलिंदिनीला होता, १९४४ च्या सुरुवातीला तो त्रिंकोमालीला आला. एप्रिल १९४४ मध्ये अॅडमिरल सॉमरव्हिल यांनी सुमात्राच्या टोकाशी असलेल्या साबांगवर हल्ला ठरवला. ब्रिटिश 'इलस्ट्रियस' आणि अमेरिकन 'साराटोगा' या दोन विमानवाहू जहाजांवरून विमाने उडाली, तेलाच्या टाक्या आणि विमानतळ पेटले. रॉदरहॅम या ताफ्याच्या सोबतीला होती. तारीख १९ एप्रिल. त्याच्या पाचच दिवस आधी, १४ एप्रिलला, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज दारूगोळ्यासह फुटले होते आणि शेकडो माणसे मेली होती. युद्धाच्या इतिहासात साबांगची मोहीम ठळक दिसते. मुंबईच्या गोदीतल्या हमालांची आणि खलाशांची नावे मात्र त्याच पानावर शोधावी लागतात.

पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेत या वर्गाच्या नौका किनाऱ्यालगत फिरत राहिल्या. एप्रिल १९४५ च्या अखेरीस रंगूनहून निसटणाऱ्या जपानी सैन्याच्या बोटींचा ताफा ब्रिटिश विनाशिकांनी बुडवला, त्यांत 'रिडाउट' होती. तिलाच पुढे आपण 'रणजित' म्हटले. जपान शरण आल्यावर रॉदरहॅमचे कप्तान बिग्ज यांनी सिंगापूरच्या नौदल तळाचा ताबा घेतला. तळाच्या एका प्रवेशद्वाराला तिचे नाव मिळाले.

१९४९ मध्ये भारताने तीन जुन्या विनाशिका घेतल्या. रॉदरहॅमची राजपूत झाली, रिडाउटची रणजित आणि रेडरची राणा. वर्षभर आधी 'दिल्ली' ही क्रूझर आली होती, ती पूर्वीची 'अकिलीस'. दुरुस्ती करून आलेल्या या सेकंडहँड नौकांवर स्वतंत्र भारताचे नौदल शिकले, चुकले, तयार झाले. काही लोक यावर नाक मुरडतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. नव्या देशाच्या खिशाला परवडेल तेच घेतले, आणि ते पंचवीस वर्षांहून जास्त काळ वापरले.

गोवामुक्तीच्या कारवाईत, डिसेंबर १९६१ मध्ये, ताफ्याचे नेतृत्व रिअर अॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्याकडे होते, जे पुढच्याच वर्षी नौदलप्रमुख झाले. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका तेव्हा नवीकोरी होती. तिच्या सोबतच्या गटात राजपूत होती. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण दहा वर्षांनी या दोन नौकांचे नाते उलटे झाले.

१९७१ च्या शेवटी विक्रांतच्या एका बॉयलरला तडा होता. तिला पूर्ण वेगाने धावता येत नव्हते आणि तिला बुडवायला पाकिस्तानला नक्कीच आवडले असते. त्यांच्याकडे 'गाझी' नावाची पाणबुडी होती, अमेरिकेची जुनी 'डायब्लो'. कराचीहून भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचण्याइतका पल्ला असलेली त्यांची ती एकमेव पाणबुडी. १४ नोव्हेंबरला ती निघाली. ती कोणाच्या शोधात येणार हे नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांना समजत होते.

त्यांनी विक्रांतला अंदमानात दडवले आणि तिच्या जागी राजपूतला उभे केले. राजपूत तोवर थकलेली नौका होती. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. तिने विशाखापट्टणमपासून दूर समुद्रात जाऊन विक्रांतच्या नावाने वायरलेसवर भरमसाठ बोलत राहायचे. बंदरातल्या ठेकेदारांकडे विक्रांतच्या खलाशांना लागेल तेवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवायची, म्हणजे बाजारातल्या कानांनाही बातमी लागेल. एका खलाशाच्या आईची तब्येत विचारणारी साधी तार, जणू विक्रांतवरच्याच माणसाची, उघड्या वायरलेसवर पाठवली गेली. ही तारेची युक्ती मला सगळ्या मोहिमेतली सर्वांत हुशार वाटते. गुप्त संदेश शत्रू संशयाने वाचतो, आजारी आईची चौकशी विश्वासाने. आपल्याकडे बोहाड्यात मुखवटा चढवून माणूस रात्रभर देव होतो, तसे या म्हाताऱ्या विनाशिकेने काही दिवस विमानवाहू जहाजाचे सोंग घेतले. फरक इतकाच की इथे प्रेक्षकाच्या हाती पाणतीर होते.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले. मधे बंदरात परतलेली राजपूत मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणममधून निघाली. डॉल्फिन्स नोजच्या टेकडीखालची वाट अरुंद आहे. नौकेला बंदराबाहेर काढणारा पायलट उतरला. इंदर सिंगांना शंका आली की पाणबुडी इथेच, तोंडाशी टपून बसली असेल. त्यांनी वेग वाढवायला लावला. थोड्याच वेळात पहाऱ्यावरच्या माणसाला पुढच्या पाण्यात विचित्र ढवळ दिसली. नौका वळली आणि दोन डेप्थ चार्ज सोडले गेले.

डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकाने भरलेले लोखंडी पिंप. पिछाडीच्या उतरत्या रुळावरून ते पाण्यात घरंगळते. त्याच्या आत पाण्याच्या दाबावर चालणारा चाप असतो. किती खोलीवर फुटायचे ते आधी लावून ठेवायचे. पिंप खाली जाते, दाब वाढतो, ठरल्या दाबाला चाप सुटतो. नेम पाणबुडीला अचूक लागायलाच हवा असे नाही, जवळचा स्फोटही तिच्या कवचाला चिरडतो. पण पिंप उथळावर फुटायचे असेल तर टाकणारी नौका तोवर वेगाने लांब गेलेली हवी, नाहीतर स्वतःचीच पिछाडी हादरते. रात्री, किनाऱ्यालगत, अंदाजाने हे करायचे होते.

त्यानंतर सव्वाबाराच्या सुमारास मोठा स्फोट ऐकू आला. शहरातल्या खिडक्या खडखडल्या. राजपूतला पुढे जाण्याचे हुकूम होते, ती पूर्वेकडे निघून गेली. सकाळी मासेमार तरंगते अवशेष घेऊन आले. बुडी मारणाऱ्या माणसांनी खाली जाऊन पाहिले तेव्हा ती गाझीच असल्याचे स्पष्ट झाले. तिच्यातले कोणीही वाचले नाही.

गाझी कशाने बुडाली यावर आजही एकमत नाही. आपले नौदल राजपूतच्या डेप्थ चार्जना श्रेय देते. पाकिस्तानच्या मते ती स्वतः पेरत असलेल्या सुरुंगांच्या स्फोटात गेली. पुढचा भाग फाटला तो आतल्या स्फोटाने की बाहेरच्या, यावर पुस्तके आहेत, भांडणे आहेत. माझ्या मते हा वाद राजपूतच्या कामगिरीला फार धक्का लावत नाही. गाझी विक्रांतच्या शोधात विशाखापट्टणमच्या तोंडाशी येऊन बसली, आणि तेव्हा विक्रांत शेकडो मैल दूर अंदमानात होती. तिची सी हॉक विमाने ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगावावर बॉम्ब टाकत होती. पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी विक्रांतशिवाय इतकी घट्ट झाली नसती. शत्रूला चुकीच्या जागी खिळवून ठेवणे हे राजपूतचे काम होते आणि ते पिंपे पाण्यात पडण्याआधीच पार पडले होते. आपल्याकडे मात्र आमिषाला शौर्याचे श्रेय द्यायची सवय नाही. मारले कोणी, एवढेच विचारले जाते.

इंदर सिंगांना वीर चक्र मिळाले. विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'व्हिक्टरी अॅट सी' हे स्मारक उभे आहे. गाझीचे अवशेष किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर, सुमारे शंभर मीटर खोल आहेत. २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या बचावपाणबुडीने ते पुन्हा नेमके शोधले.

राजपूत १९७६ मध्ये निवृत्त झाली. तिचे नाव सोव्हिएत युनियनमध्ये बांधलेल्या एका क्षेपणास्त्रधारी विनाशिकेला दिले गेले. ती ४ मे १९८० ला नौदलात आली आणि २१ मे २०२१ ला विशाखापट्टणमलाच निवृत्त झाली.