वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे मन

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होत असल्याने पहिले काही महिने भूक मंदावते. खाण्याची इच्छा मात्र केवळ पोटातून येत नाही. कंटाळा, ताण किंवा एकटेपणा खाऊन शमवण्याची सवय शस्त्रक्रियेने जात नाही.

सुरुवातीला पातळ पदार्थ, मग मऊ अन्न आणि काही आठवड्यांनी घन आहार, असा क्रम असतो. या काळात आवडते पदार्थ सुटल्याचे दुःख, चिडचिड, क्वचित पश्चात्तापही जाणवतो. पंगतीतला आग्रह मोडणे अनेकांना जड जाते. वजन उतरू लागल्यावर बहुतेकांची मनःस्थिती सुधारते. काहींच्या बाबतीत मात्र खाण्याची जागा मद्य घेते. गॅस्ट्रिक बायपास या वजन घटवण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात लवकर भिनत असल्याने हा धोका वाढतो.

घास सावकाश चावणे, खाण्यासोबत तेव्हाची भावना वहीत नोंदवणे आणि घरच्यांना आहाराची मर्यादा आधीच सांगून ठेवणे उपयोगी पडते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.