वळवाच्या विजा आणि घरातली उपकरणे



चैत्र-वैशाखात दुपार कलली की आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि वळीव कोसळतो. पाऊस उघडल्यावर पाहावे तर कुणाचा टी. व्ही. लागत नाही, कुणाच्या इंटरनेटच्या राऊटरवरचा दिवा पेटत नाही. "पण वीज आमच्या घरावर पडलीच नव्हती!" असे घरधनी म्हणतो. खरे आहे. ती घरावर पडावी लागतच नाही. गावाबाहेर तारेवर किंवा खांबाजवळ पडली तरी तिचा झटका तारेतून घराघरांत शिरतो. आपल्या घरी येणारा दाब २३० व्होल्टचा. हा झटका क्षणभरच, पण हजारो व्होल्टचा असू शकतो. नाजूक उपकरणे तेवढ्यात जळतात.

पुष्कळजण बटण बंद करून निर्धास्त होतात. अहो, जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत हवा फोडीत आली, तिला बटणातली दोन-चार मिलिमीटरची फट काय अडवणार? शिवाय बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. फ्यूज किंवा एम. सी. बी. तुटायच्या आधीच झटका आपले काम करून गेलेला असतो. आणि स्टॅबिलायझर कमी-जास्त दाबासाठी आहे, विजेसाठी नव्हे. तेव्हा खात्रीचा आणि बिनखर्चाचा उपाय एकच, तो म्हणजे पिन सॉकेटातून उपसून काढणे.

मात्र नुसती लाईटची पिन काढून भागत नाही. बाहेरून घरात येणारी प्रत्येक धातूची तार ही विजेची वाट आहे. छपरावरच्या डिशची केबल सेट टॉप बॉक्सपासून सोडवा. गोठ्यावर कॅमेरा बसवला असेल तर त्याची लांबलचक तार राऊटरमधून काढा; लांब तारेत जवळ पडलेल्या विजेचाही झटका उठतो, हे फारसे कुणी ध्यानात घेत नाही. फायबरचे कनेक्शन असेल तर आतल्या काचेतून वीज येत नाही, पण केबलला आधाराची लोखंडी तार असू शकते आणि राऊटरचा अडॅप्टर तर सॉकेटातच असतो.

हे सारे आभाळ गडगडायच्या आधी करायचे. लखलखाट आणि गडगडाट यांत ३ सेकंद गेले तर वीज साधारण १ किलोमीटरवर पडली असे समजा. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर पिना किंवा तारा हाताळायला जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मग जोडा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलवर घेतले तर आसपासच्या विजांची सूचना मिळते. (मोबाईल वीज ओढून घेतो ही समजूत खोटी आहे, चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाशी धरणे मात्र धोक्याचे.)

आता घरची सगळी मंडळी रानात असतील तर पिना कोण काढणार? अशा घरी मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाईस, म्हणजे एस. पी. डी., बसवून घ्यावे. ते जादा दाब जमिनीत वळवते. पण त्यासाठी अर्थिंग धड हवे. कित्येक घरांत अर्थिंग म्हणजे पहारीला गुंडाळलेली तार! जस्ताचा मुलामा दिलेला सुमारे अडीच मीटरचा पाईप कोळसा आणि मिठासह पुरावा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालीत जावे. एस. पी. डी.च्या खिडकीतला रंग हिरव्याचा लाल झाला तर ते निकामी झाले, बदला. वीज थेट घरावरच पडली तर तेही पुरे पडेलच असे नाही, म्हणून घरात कुणी असेल तेव्हा पिना काढाव्यातच.

वाऱ्या-वादळात आणखी एक घात होतो. डी. पी.वरचा किंवा लाईनचा न्यूट्रल तुटतो आणि एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येतो. पंखा एकाएकी भरधाव फिरू लागला, शेजारी मात्र दिवे मिणमिणू लागले, तर मेन स्विच ताबडतोब पाडा, शेजाऱ्यांना सांगा आणि वायरमनला कळवा. स्वतः खांबावर चढू नका.