संकटातील सोबती : संस्थाचालकांचे परस्परशिक्षण

वैद्यकाचे शिक्षण आपण वॉर्डात घेतले. धर्मादाय संस्था चालविण्याचे शिक्षण मात्र आपणांस कोणी दिले नाही. वार्षिक सभेत नाव सुचविले जाते, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या किल्ल्या, हिशेबाच्या वह्या व जुने तंटे नव्या कार्यवाहांच्या हाती येतात. शिबिरांतील व्याख्याने उद्बोधक असतात. परंतु आपल्या संस्थेचे गाडे नेमके कोठे अडले आहे, हे व्याख्यात्यास ठाऊक नसते.

या प्रश्नाचा मूलगामी विचार रेग रेव्हान्स (१९०७-२००३) या इंग्रज विद्वानाने केला. हे गृहस्थ मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये लांब उडीतही उतरलेले! केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफोर्ड यांच्यासारखे दिग्गज आपल्या यशाची नव्हे, तर अडलेल्या कामाची चर्चा करीत, हे त्यांनी पाहिले होते. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात शिक्षणाची धुरा आल्यावर त्यांनी खाणींच्या व्यवस्थापकांना लहान गटांत एकमेकांच्या अडचणी ऐकावयास बसविले. या सभासदांना ते 'संकटातील सोबती' म्हणत. रुग्णालयांचाही त्यांनी अभ्यास केला. जेथे वरिष्ठ मंडळी कनिष्ठांचे म्हणणे ऐकून घेत, तेथे परिचारिका टिकत आणि रुग्णही लवकर घरी जात, असे त्यांस आढळले.

रीत साधी आहे. समान जबाबदारीच्या पाच-सहा व्यक्तींनी ठरावीक दिवशी जमावे. एकाने आपली खरीखुरी अडचण मांडावी. इतरांनी सल्ला न देता केवळ प्रश्न विचारावेत. उठण्यापूर्वी त्याने आपण काय करणार ते सांगावे व पुढील बैठकीत त्याचे काय झाले, हेही सांगावे. बोलणे चार भिंतींच्या बाहेर जाऊ नये.

यातील 'सल्ला न देता' हे पथ्य डॉक्टरांना फार जड जाते. दोन वाक्ये ऐकताच आपला हात प्रिस्क्रिप्शनच्या पॅडाकडे वळतो!

इंदूरसारख्या शहरातील मराठी समाजात संस्था पुष्कळ आणि कार्यकर्ते तेच ते. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मादाय दवाखान्याचा कार्यवाह असताना आम्ही पाच संस्थांचे चालक असे जमू लागलो. माझी तक्रार ठरलेली होती : तरुण डॉक्टर सेवेस येत नाहीत. सेवाभावाच्या ऱ्हासावर मी बराच वेळ बोललो. ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताईंनी शांतपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षभरात त्यांच्यापैकी कोणाला एखादा निर्णय घेऊ दिलात का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. विश्वस्तांपैकी सर्वांत तरुण सदस्य साठीचे होते. आणखी पाच वर्षांनी दवाखाना कोण उघडणार, हे कोणासच सांगता आले नसते.

पुढील महिन्यात औषधखरेदीचे काम मी दोन तरुणांकडे सोपविले. पहिल्याच खेपेस त्यांनी वाजवीपेक्षा अधिक माल मागविला आणि काही औषधे मुदतबाह्य झाली. मी गप्प बसलो. हे गप्प बसणेच मला सर्वांत कठीण गेले. त्या दोघांनी मग साठ्याची नोंदवही नव्याने आखली, आपल्या मित्रांना आणले आणि बंद पडलेला सायंकाळचा बाह्यरुग्ण विभाग पुन्हा सुरू झाला.

आज किल्ल्या त्यांच्यातील एकीकडे आहेत. अलीकडेच तिने केसपेपरचे शुल्क वाढविले, तेही मला न विचारता. मला तो निर्णय पटलेला नाही. पुढच्या बैठकीत अडचण मांडण्याची पाळी माझी आहे.